अँटेनाच्या पाच प्रदक्षिणा

दुधराम कापगत्यांच्या घरचा अँटेना वर्षानुवर्षं त्यांची बायको यशोदाबाई हाताने फिरवत होत्या, आणि त्याबद्दल सौंदडमध्ये कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रारी सुरू झाल्या त्या मशीन आल्यावर.

दुधरामभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, आणि स्वतःला नाद लागला तो बिनफोनचा. हॅम रेडिओ म्हणतात त्याला. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं, मग घरच्या टेबलावरून जगभरातल्या आपल्यासारख्याच रिकामटेकड्या लोकांशी बोलायचं. बिल येत नाही. कोहळी समाजातला माणूस, वाडवडिलांनी तलाव बांधले, पाणी कुठून कुठे जाईल ते पाहिलं. ह्यांनी आवाज कुठून कुठे जाईल ते पाहायला घेतलं, इतकाच काय तो फरक.

आता ह्या रेडिओची एक गंमत असते. ज्या देशाशी बोलायचं त्या देशाकडे अँटेनाचं तोंड करावं लागतं. भाऊंनी स्लॅबवर एक लोखंडी पाइप उभा केला होता, त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या लांबलांब नळ्या आडव्या बांधलेल्या, आणि पाइपाला कमरेच्या उंचीवर एक दांडा. रविवारी सकाळी भाऊ खाली खिडकीजवळ रेडिओ लावून बसायचे आणि यशोदाबाई वर दांडा धरून उभ्या राहायच्या. खालून हुकूम सुटायचा, जरा डावीकडे, अजून थोडं, बस. श्रीलंका, जपान असली नावं बाईंना सांगून उपयोग नव्हता. केशोरी हे त्यांचं माहेर. तिकडे तोंड केलं की श्रीलंका लागते, गोंदियाच्या अंगाने केलं की जपान, एवढा भूगोल त्यांना पुरत होता. त्यामुळे सरकारमान्य लायसनवाल्या माणसाला खिडकीतून "केशोरीकडं घे" असं ओरडावं लागे आणि पुढच्याच क्षणी माइकवर इंग्रजीत बोलावं लागे. भाऊंना त्याची जरा लाज वाटायची.

स्टेशन लागलं की वरून प्रश्न यायचा, कोण आहे. कोलंबोचा एक डॉक्टर आहे, असं भाऊ सांगायचे. मग बाई विचारायच्या, त्याच्याकडे पाऊस आहे का, त्याच्या आईची तब्येत कशी आहे, ह्या साली धान कसं आहे. भाऊ कुरकुरत का होईना पण विचारायचे. कोलंबोच्या त्या डॉक्टरला असं वाटू लागलं होतं की भारतात रेडिओवर आधी धानाची चौकशी करायचा नियमच आहे, आणि तोही पुढे पुढे आपणहून सांगू लागला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यशोदाबाईंचा गुडघा बिघडला. साकोलीच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि जिना बंद करा म्हणाले. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. बाईंना जिना चढताना त्यांनी कठड्याला धरून थांबलेलं पाहिलं होतं, आणि तरीही खालून "अजून थोडं" म्हणून ओरडले होते, ते त्यांना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं की आता अँटेना मोटर फिरवेल, मोटरीला कंप्युटर सांगेल, आणि मंजूच्या आईने, म्हणजे बाईंनी, फक्त आराम करायचा.

यशोदाबाई "बरं" म्हणाल्या.

आता संसारात मुरलेल्या माणसाला ह्या "बरं" मधलं किती बरं असतं ते कळायला हवं. पण भाऊंचं मन आधीच मोटरीत अडकलेलं. त्यानंतर घरातलं बोलणं कमी होत गेलं. बाई वेळेवर वाढायच्या, वेळेवर गोळी घ्यायच्या, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायच्या. भाऊंना वाटलं, गुडघा फार दुखत असणार. मशीन लवकर झाली पाहिजे. घर पुन्हा पहिल्यासारखं व्हायला हवं तर त्याला उपाय एकच, मशीन. आणि ते जिवाच्या करारावर कामाला लागले.

काम सुरू झालं तसं गाव सल्ला द्यायला आलं. त्या काळात गावोगाव मोबाइलचे टॉवर उभे राहत होते आणि ज्याच्या वावरात टॉवर त्याचं नशीब उघडलं असं मानलं जाई. शेजारच्या निर्मलाबाईंनी स्लॅबवर वेल्डिंगचा उजेड पाहिला आणि कापगत्यांकडे टॉवर येऊन राहिला ही बातमी रेल्वे स्टेशनापर्यंत पोचवली. लोक येऊन आपापल्या घराची उंची सांगू लागले. आमच्या घरी वारा चांगला लागतो, तुमच्या साहेबाला सांगून पाहा. भाऊंनी समजावलं की हा टॉवर नाही, साहेब नाही, भाडं नाही, उलट घरातूनच खर्च होऊन राहिला. ह्यावर गावाचा विश्वास बसला नाही. स्वतःच्या खर्चाने कोणी शहाणा माणूस लोखंड फिरवत बसेल का?

ही कुणकुण ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक भला माणूस होता, पण त्याच्याकडे कराच्या यादीत घर होतं, गोठा होता, टॉवर होता, आणि फिरणारं बांधकाम नव्हतं. त्याने भाऊंना विचारलं, हे एका जागी किती वेळ थांबतं? भाऊ म्हणाले, स्टेशन लागेपर्यंत. त्याने विचार करून सांगितलं की जे थांबत नाही ते वाहन असतं, आणि वाहनाचा विषय पंचायतीकडे नाही, आरटीओकडे जा. भाऊ अपमान गिळून परत आले. उभ्या हयातीत त्यांनी कलेक्टरचा फोन दुरुस्त केला होता, आणि आज त्यांचा अँटेना ट्रकांच्या रांगेत जाऊन बसला होता.

मोटर मिळाली ती मात्र खरोखर ट्रकाचीच. राईस मिलमध्ये फिटर असलेल्या चैतरामने एका भंगार ट्रकाच्या काचेवरचं पाणी पुसायची मोटर काढून आणली, तिला सायकलची चेन आणि मोठं चाक जोडलं, आणि पाइपाच्या बुडाशी बसवून दिली. लाईटीचा काही भरवसा नाही, भारनियमन कधीही होतं, म्हणून भाऊंनी ती ट्रकाच्याच बॅटरीवर चालवली. आता लाईट गेली तरी माझी मशीन थांबणार नाही, हे त्यांनी भेटेल त्याला अभिमानाने सांगितलं. हा अभिमान ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कंप्युटर दिला मुलीने. मंजू गोंदियाला नवऱ्यासोबत कंप्युटरचा क्लास चालवायची, तिच्याकडचा एक जुना खोका तिने बसच्या टपावरून पाठवून दिला. त्याच्या पाठीला नऊ टाचण्यांचं एक भोक होतं, त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. तिथून एक वायर निघून मोटरीच्या डब्याला मिळाली की काम झालं, असं तिने फोनवर सांगितलं. भाऊ ती वायर आणायला गोंदियाला गेले. दुकानदाराने प्रिंटरची वायर हातात ठेवली आणि "अंकल, ले जाओ, घुस जाएगा" म्हणाला. ती घुसली नाही. भाऊ पुन्हा गोंदियाला गेले. दुसरी वायर घुसली, पण मोटर ढिम्म.

पुढचे बरेच दिवस भाऊ त्या वायरीसमोर बसून होते. कंप्युटर सांगतो आहे, डबा हालत नाही. शेवटी मंजू एका रविवारी स्वतः आली, तिने वायर उघडली आणि हसायला लागली. ह्या वायरीत बोलायची तार वेगळी असते आणि ऐकायची वेगळी. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडायची असते. भाऊंनी बोलायचीला बोलायची जोडली होती. दोन्हीकडून सगळं बोलणंच चाललं होतं, ऐकत कोणी नव्हतं. भाऊंनी तारा उलटवल्या, सोल्डरिंगचा डाग दिला, आणि मोटर फिरली. स्वयंपाकघरात यशोदाबाई भात उतरवत होत्या. मंजूने आईकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

मशीनचे काही नखरे राहिलेच. कंप्युटर चालू केला की अँटेना आपोआप एक झोका घ्यायचा, पाहुण्याने मान हलवावी तसा. निर्मलाबाईंना तो झोका आपल्याच अंगणाकडे वाटायचा, आणि तो घेतला की त्यांच्या टीव्हीवर मुंग्या येतात असं त्यांचं म्हणणं होतं. मुंग्या अँटेनाच्या आधीही येत होत्या, पण तेव्हा दोष द्यायला कोणी नव्हतं. आणखी एक गोष्ट राहिली होती. पाइपाला किती फिरायचं आणि कुठे थांबायचं ह्याला अडसर असा काही नव्हता. मंजूने जाताना बजावलं होतं, तो बसवून घ्या. भाऊ म्हणाले, बसवू.

भाऊंनी उद्घाटनाचा दिवस ठरवला. खरं तर एक वायर जोडली, त्याचं कसलं उद्घाटन? पण त्यांच्या मनात असं होतं की यशोदाबाईंच्या माहेरची माणसं बोलवावीत, त्यांच्यासमोर बाईंना खुर्चीवर बसवावं, आणि बटन दाबून दाखवावं की हे सगळं तुझ्या गुडघ्यासाठी केलं. हे तोंडाने सांगायचं त्यांना जमलं नसतं, म्हणून एवढा खटाटोप.

केशोरीहून बाईंचे भाऊ आणि वहिनी सावित्रीबाई आल्या, मंजू आली, चैतराम आला, शेजार आला. यशोदाबाईंना अंगणात खुर्ची दिली आणि हलायचं नाही असं सांगितलं. त्या नवी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून, परक्या लग्नात बसल्यासारख्या बसल्या. भाऊंनी खिडकीतला रेडिओ चालू केला, कंप्युटर चालू केला, वर अँटेनाने झोका घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि इथे सावित्रीबाईंनी तोंड उघडलं. नवीन वस्तू घरात आली आणि पूजा नाही, हे त्यांना पटेना. नारळ फुटला, कंप्युटरला कुंकू लागलं. मग त्या म्हणाल्या की आमचा ट्रॅक्टर आला तेव्हा आधी मारुतीला पाच प्रदक्षिणा घातल्या, मगच वावरात नेला. ही मशीन देवळात कशी न्यायची? त्यावर त्यांनीच तोड काढली. तिला फिरता येतं ना, मग जागच्या जागी पाच प्रदक्षिणा घालू द्या, मारुतीला पोचतील. सगळ्यांना हे फार आवडलं. भाऊंना तर सर्वांत जास्त आवडलं, कारण नुसतं डावी-उजवी दाखवण्यापेक्षा पूर्ण गोल फिरणं केव्हाही भारदस्त. त्यांनी पाच आकडा दाबला.

पहिली प्रदक्षिणा पाहून म्हाताऱ्यांनी हात जोडले. दुसरी सुरू झाली तेव्हा अँटेनाची काळी वायर, जी वरून खाली येऊन खिडकीतून रेडिओला जोडलेली होती, ती पाइपाला साडीच्या पदरासारखी लपेटून घेऊ लागली. हे दिसलं एकट्या यशोदाबाईंना. त्यांनी कधीही दांडा पूर्ण फिरवला नव्हता, अर्ध्यातून मागे घ्यायच्या. त्या म्हणाल्या, अवो, वायर गुंडाळून राहिली. पण भाऊ डोळे मिटून उभे होते आणि सावित्रीबाई आरती म्हणत होत्या.

तिसऱ्या प्रदक्षिणेत रेडिओ टेबलावरून चालू लागला. चैतराम "भाऊ, रेडिओ" एवढंच म्हणाला. रेडिओ टेबलाच्या कडेला आला, थोडा थांबला, आणि खाली गेला. जाताना तो कंप्युटरची सिरियल वायरही घेऊन गेला. भाऊ धावत येऊन थांबायचं बटन दाबू लागले. बटन कंप्युटरला कळत होतं, पण कंप्युटरचं ऐकायला आता पलीकडे कोणी जोडलेलं नव्हतं. डब्याने शेवटचं ऐकलं होतं ते पाच, आणि तो शब्दाला जागला. कोणीतरी मेन स्विच बंद केला. घरातले पंखे थांबले, टीव्ही थांबला, निर्मलाबाईंच्या टीव्हीवरच्या मुंग्यासुद्धा कदाचित थांबल्या असतील. पण अँटेना बॅटरीवर होता. वायर खिडकीच्या गजाला अडकली, ताणली गेली, आणि वरचा पाइप निर्मलाबाईंच्या कवेलूंच्या छपराकडे वाकू लागला. आता सगळेच ओरडत होते आणि जो तो दुसऱ्याला वर जायला सांगत होता.

तेवढ्यात अंगणातली खुर्ची रिकामी दिसली.

भाऊंनी वर पाहिलं तर यशोदाबाई स्लॅबवर होत्या. एका हाताने त्यांनी दांडा धरला होता, दुसऱ्या हाताने पाइप, आणि सगळं अंग त्यावर टाकलं होतं. मोटर कण्हली, चेन कडकड करत चाकावरून उतरली, आणि पाइप थांबला. बाई त्याच पाइपाला धरून हळूहळू खाली बसल्या.

भाऊ जिना कसा चढले ते त्यांना आठवत नाही. गुडघा भाकरीसारखा टम्म फुगला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "हेच होऊ नये म्हनून तं केलं होतं सगळं," ते म्हणाले. "तुले चढताना पाहवत नव्हतं मले."

यशोदाबाईंनी साडीवरचा गंज झटकला. "गुडघा माहा होता जी. मंग मले काऊन नाई विचारलं?"

भाऊंनी गुडघ्यावरचे हात काढून घेतले.

"दिवसभर तुमी पेपर वाचता, वायरी जोडता, जगासंग बोलता. माह्यासंग आयतवारी घंटाभर बोलत होते. डावीकडं घे, उजवीकडं घे. काई का असंना, मले हाका मारत होते." त्यांनी चेन उतरलेल्या चाकाकडे बोट केलं. "तो घंटा मशीनले देऊन टाकला तुमी. मी काय पाय दुखते म्हनून रुसून राहिली होती का इतले दिवस?"

हे ऐकून दुधराम कापगते नावाचा माणूस, ज्याला कोलंबोच्या डॉक्टरच्या आईची तब्येत तोंडपाठ होती, तो मान खाली घालून बसला. खालून सावित्रीबाई विचारत होत्या की राहिलेल्या दोन प्रदक्षिणा केव्हा घालणार. जेवणाची ताटं वरच गेली. दोघं त्या वाकड्या पाइपाखाली बसून वांग्याची भाजी आणि भात जेवले. ऊन उतरल्यावर चैतरामने आणि बाईंच्या भावाने अंगणातली खुर्ची वर नेली आणि बाईंना तिच्यासकट उचलून खाली आणलं.

रेडिओचं पोट फुटलं होतं. तो नागपूरला दुरुस्तीला गेला, आणि दुकानदाराने सांगितलं की त्याचा एक तुकडा परदेशातून यावा लागेल, केव्हा येईल ते सांगता येत नाही. पाइप सरळ झाला, अडसर बसला, चेन चढली. गुडघ्याला शेक सुरू झाला. मग भाऊंनी एक विचित्र काम केलं. त्यांनी कंप्युटर रेडिओच्या टेबलावरून उचलला आणि आतल्या खोलीत, यशोदाबाईंच्या खाटेजवळ नेऊन ठेवला. तिथून मोटरीच्या डब्यापर्यंत दोन भिंतींना भोकं पाडून नवीन सिरियल वायर ओढली. डावा बाण दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे, हे बाईंना शिकवलं. ते शिकायला फार वेळ लागला नाही, शिकवायला मात्र भाऊ रोज बसत होते.

मंजूने फोनवर विचारलं, बाबा, कंप्युटर रेडिओजवळ असेल तर तुम्हालाच बसल्या जागी फिरवता येईल, मग एवढी लांब वायर कशाला? भाऊ म्हणाले, जवळ ठेवला तर रेडिओत खरखर येते. मंजूने बरं बरं म्हणून फोन ठेवला. रेडिओ तर नागपूरला होता.

पुढच्या रविवारी सकाळी भाऊ अंघोळ करून, ठेवणीतला शर्ट घालून, खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. टेबलावर काही नव्हतं, रेडिओ होता त्या जागी धुळीचा चौकोन होता. आतल्या खोलीत यशोदाबाई उशीला टेकून, कीबोर्ड मांडीवर घेऊन तयार होत्या.

"कोनीकडं फिरवू जी?" आतून आवाज आला.

भाऊंनी उघड्या दाराकडे पाहिलं. "तुले वाटंल तिकडं."

हा प्रश्न आजवर बाईंना कधी विचारावा लागला नव्हता, आणि हे उत्तर भाऊंनी कधी दिलं नव्हतं. आत कीबोर्ड खाटेवर ठेवल्याचा आवाज आला.

"मंग राहू द्या," यशोदाबाई म्हणाल्या. "इकडंच येऊन बसा."

भाऊ उठले आणि आतल्या खोलीत जाऊन खाटेच्या कडेला बसले. स्लॅबवरचा अँटेना त्या सकाळी जागचा हलला नाही. निर्मलाबाईंनी दोनदा अंगणात येऊन वर पाहिलं, आणि कापगत्यांची मशीन पुन्हा बिघडली म्हणून गावभर सांगून टाकलं.